वेढ्यांची वही

आमचे अब्बा मोटार आधी कानाने तपासायचे, मग हाताने आणि सर्वात शेवटी डोळ्यांनी. गडमुडशिंगीत हुपरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं वायंडिंगचं दुकान. दहा बाय बाराची खोली, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत जळलेल्या मोटारींची रांग. शेतकरी सायकल उभी करत करतच ओरडायचा, "मिस्त्री, मोटर नुसती घुमतीया, फिरंना झालीया." अब्बा मान वर न करता म्हणायचे, "एक फेज गेला असंल. आधी डीपीवर बघून या. मोटर काढू नका." दहातल्या सात वेळा तेच निघायचं. पदरचे पैसे बुडवून गिऱ्हाईक परत पाठवणारा हा कसला धंदेवाला, असं आम्हाला तेव्हा वाटायचं.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ. लिहिणारा हात एकाचा असला तरी आठवण दोघांची आहे आणि पुढे जी चूक सांगायची आहे तीही दोघांची आहे. म्हणून 'आम्ही' म्हणतो. आमच्यापेक्षा मोठी आपा. तिची गोष्ट सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहोत, पण मोटार समजल्याशिवाय आपा समजणार नाही. म्हणून आधी मोटार.

अब्बा लहानपणी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे हरकाम्या म्हणून लागले होते. शाळा चौथीपर्यंत. पण शिकवण्याची हातोटी अशी की आमच्या मास्तरांनी हेवा करावा. त्यांनी आम्हाला पहिला धडा दिला तो एका खिळ्यावर. खिळ्याला इनॅमलची तार गुंडाळली, तारेची टोकं घासून सेलला लावली. खिळ्याने टाचण्या उचलल्या. तार सोडली, टाचण्या पडल्या. अब्बा म्हणाले, "बस. इतनीच है मोटर. बाकी सब कारागिरी."

पुढे पुस्तकांतून कळलं की ही 'इतनीच' गोष्ट जगाला कळायला १८२० साल उजाडावं लागलं होतं. त्या साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसलं की तारेतून वीज गेली की जवळची होकायंत्राची सुई हलते. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, लंडनला मायकेल फॅरडेने पाऱ्याच्या भांड्यात चुंबक ठेवून त्याभोवती वीज वाहणारी तार फिरती ठेवली. विजेने काही फिरवण्याचा तो पहिला खेळ. हा फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकलेला. हे अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. म्हणाले, "मग तर आपलाच माणूस."

चुंबकाची दोन समान टोकं एकमेकांना ढकलतात, विरुद्ध टोकं ओढतात. तारेच्या वेटोळ्याचं चुंबक केलं आणि ते दुसऱ्या चुंबकाजवळ ठेवलं तर ते वळतं, समोरासमोर आलं की थांबतं. थांबू द्यायचं नसेल तर ऐन वेळी विजेची दिशा उलटवायला हवी. जुन्या डीसी मोटारीत हे काम तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्याला घासणारे कार्बन ब्रश करतात. स्वयंपाकघरातला मिक्सर त्याच घराण्यातला. तो एसीवरही चालतो, कारण बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही कॉइलांतली वीज एकाच वेळी उलटते आणि ढकलण्याची दिशा तीच राहते. मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेणारी ही मोटार अंगाने लहान, आवाजाने मोठी. आतल्या ठिणग्या दिसल्या की अब्बा म्हणायचे, "कार्बन झिजलाय, बदला. मोटर बदलू नका."

पण आमच्या भागाचं पोट चालतं ते थ्री-फेजच्या मोटारीवर. ऊस तिच्यावर, गिरणी तिच्यावर, इचलकरंजीचे माग तिच्यावर. या मोटारीच्या फिरणाऱ्या भागाला बाहेरून वायर जातच नाही. ना ब्रश, ना कम्युटेटर. मग ती फिरते कशी? हे आम्हाला आयटीआयच्या फळ्यावर समजलं नाही. अब्बांनी गुऱ्हाळावर नेऊन समजावलं.

जुन्या घाण्याभोवती बैल गोल फिरायचा. अब्बा म्हणाले, समजा घाण्याला बैल नाही, गाय जुंपली आहे आणि तिच्या मागे वासरू धावतंय. मोटारीच्या स्थिर भागात तीन फेजच्या कॉइली गोलाकार बसवलेल्या असतात. तिन्ही फेजचा जोर एकदम येत नाही, एकापाठोपाठ एक येतो. पहिला चढतो, तो उतरता उतरता दुसरा, मग तिसरा. त्यामुळे कॉइली जागच्या जागी असूनही त्यांचं चुंबकत्व गोल फिरत राहतं. ही झाली गाय. दोन पोलच्या मोटारीत ती सेकंदाला पन्नास, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे घेते. मधला रोटर म्हणजे वासरू. लोखंडाच्या पत्र्यांत बसवलेल्या दांड्या आणि दोन्ही तोंडांना कडी, असा पिंजरा. इंग्रजीत त्याला खारीचा पिंजरा म्हणतात. फिरतं चुंबकत्व त्या दांड्यांना कापून जातं, दांड्यांत आपोआप वीज उपजते, त्या विजेने रोटरही चुंबक होतो आणि गायीमागे धावू लागतो.

"पर बछडा कभी गाय को पकडता नई," अब्बा म्हणायचे. वासराने गायीला गाठलं तर दोघांत अंतरच उरणार नाही. अंतर नाही तर कापणं नाही, कापणं नाही तर दांड्यांत वीज नाही आणि वीज नाही तर जोर नाही. म्हणून रोटर नेहमी थोडा मागे राहतो. मोटारीच्या पट्टीवर ३००० न लिहिता २८८० लिहिलेलं असतं. गिरणीच्या चार पोलच्या मोटारीवर १५०० ऐवजी १४४०. पुस्तकात या फरकाला 'स्लिप' म्हणतात. ओझं वाढलं की वासरू आणखी मागे पडतं, वीज जास्त ओढतं आणि जास्त जोर लावतं. फार मागे पडलं तर दमतं आणि जळतं.

फिरत्या चुंबकत्वाची ही कल्पना इटलीत तुरीनच्या गॅलिलिओ फेरारिस यांना १८८५ मध्ये साधली. निकोला टेस्लाला अमेरिकेत तिचं पेटंट १८८८ मध्ये मिळालं. तीन फेजची, पिंजऱ्याच्या रोटरची आज आपण वापरतो तशी मोटार १८८९ मध्ये जर्मनीत काम करणाऱ्या डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी उभी केली. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या घराण्याने १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना काढला. आमच्या पडवीतल्या रांगेत त्या मोटारी असायच्याच. बिडाच्या अंगाच्या आणि चौघांनी उचलाव्यात अशा.

घरातला पंखा सिंगल फेजवर चालतो. एकट्या फेजचं चुंबकत्व फिरत नाही, नुसतं जागच्या जागी चढतं आणि उतरतं. त्याला फेरा द्यायला दुसरी कॉइल लागते आणि तिच्यातली वीज थोडी पुढे-मागे करायला कपॅसिटर. कपॅसिटर गेला की पंखा गुणगुणतो, फिरत नाही. काठीने ढकलला तर ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला रेंगाळत फिरू लागतो. पंख्यात कॉइल आत आणि फिरणारा भाग बाहेर असतो, म्हणून पाती त्याच्या अंगालाच लावलेली असतात. बोअरमधली सबमर्सिबल आणखी वेगळी. तिच्या पोटात पाणी भरलेलं असतं. तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण, बेअरिंगला वंगण पाण्याचंच आणि गारवाही पाण्याचाच. बोअर आटली आणि ती कोरडी चालली की संपली.

मोटारी जळायच्या त्या उन्हाळ्यात. ऊस वाळायला लागलेला, शेतीची वीज ठरल्या पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. वीज आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू. व्होल्टेज उतरायचं. व्होल्टेज अर्धं झालं तर मोटारीचा जोर अर्धा नव्हे, पाव होतो. पाणी तर चढवायचंच असतं. मग ती जास्त अँपिअर ओढते, तापते, इनॅमल सुटतं. किंवा चालू मोटारीचा एक फेज उडतो. ती थांबत नाही. उरलेल्या दोघांवर ओझं घेऊन घुमत राहते आणि शेतकरी झोपेतून उठेपर्यंत काळी पडते. अब्बा म्हणायचे, तीन भावांपैकी एकाने हात काढून घेतला की असंच होतं.

आता आपाची गोष्ट.

दहावीनंतर आपाची शाळा थांबली. कुणी बंद केली असं नाही, पण पुढे चालू ठेवायला हवी असंही कुणी म्हटलं नाही. आम्ही दोघे मात्र आयटीआयला गेलो. आपा घरात बसून फर्म्यावर कॉइली गुंडाळायची. अम्मीला वाटायचं, शिवणकामासारखंच आहे, घरबसल्या होतंय. हळूहळू सबमर्सिबलचं सगळं काम तिच्याकडे गेलं. त्या मोटारीचे गाळे बंद असतात. तयार कॉइल आत बसत नाही, तार एकेक करून या टोकाकडून त्या टोकाला ओवावी लागते. वेष्टणाला ओरखडा आला तर महिनाभराने पाणी आत शिरतं. आमच्या हातून दहात दोन परत यायच्या. आपाच्या हातची परत आलेली आम्हाला आठवत नाही.

आणि तिची एक वही होती. जी मोटार खोलायची तिचे गाळे किती, पोल किती, एका कॉइलला वेढे किती, तार कुठल्या गेजची, जोड स्टार की डेल्टा, सगळं ती जुनी कॉइल तोडताना मोजून लिहायची. चोवीस गाळे, दोन पोल, म्हणजे दर पोलला एका फेजचे चार गाळे. छत्तीस गाळे, चार पोल, म्हणजे तीन. वेढे कमी पडले तर लोखंडावर चुंबकत्वाचा भार होतो आणि मोटार रिकामीच तापते. जास्त झाले तर जोर येत नाही. पाच-दहा वेढ्यांत मोटारीचं आयुष्य. गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्रींच्या डोक्यात सगळं आहे. मिस्त्री आत जाऊन वही बघून यायचे.

एका एप्रिलमध्ये अब्बा आजारी पडले. महिनाभर कोल्हापूरला दवाखान्यात. दुकान आमच्या दोघांच्या हातात. चिंचवाडच्या एका शेतकऱ्याची पाच हॉर्सपॉवरची मोटार आली. तांब्याचा भाव चढलेला, दवाखान्याचा खर्च अंगावर. आम्ही दोघांनी ठरवून तिच्यात अ‍ॅल्युमिनियमची तार भरली आणि पैसे तांब्याचे घेतले. इनॅमल चढवलेली तार वरून सारखीच दिसते. हे लिहितानाही हात अडखळतो, पण झालं ते असं.

वार्निश सुकायला ठेवलेली मोटार आपाने झाडताना उचलून सरकवली. थांबली. म्हणाली, "अरे, ये हलकी लगती रे." तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड. रोज हजार वेढे घेणाऱ्या हाताला वजन कळलं. आम्ही म्हणालो, "आपा, तेरेकू क्या समझता इसमें का? अंदर जा." ती आत गेली.

त्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याच्या दीडपटीहून जास्त विरोध असतो. ती तापणारच. तीन आठवड्यांत मोटार परत आली. शेतकरी भांडला नाही. पडवीत बसून म्हणाला, "नशीबच खोटं आमचं. वरच्या तुकड्यातला ऊस गेला." तोवर अब्बा घरी आले होते. त्यांनी मोटार खोलली, कॉइलचं टोक पात्याने घासलं. आत पांढरं निघालं. आमच्याकडे बघितलंही नाही. शेतकऱ्याला म्हणाले, "नशीब खोटं न्हाई पाटील, तार खोटी हाय. माझ्या पोरांनी भरली." तांबं भरून, टेम्पो करून स्वतः विहिरीवर मोटार बसवून आले. घेतलेले पैसे परत दिले. उसाची भरपाई त्यांना देता आली नाही. ते त्यांना मरेपर्यंत खुपत राहिलं.

त्या रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "घर में किसी को मालूम था?" आपा गप्प राहिली. आम्हीच सांगितलं की तिने ओळखलं होतं. अब्बा बराच वेळ घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "हराम का एक तार पूरे घर को जलाता है." दुसऱ्या दिवशी त्यांनी मेगर आपाच्या हातात दिला. तिने तपासल्याशिवाय एकही मोटार दुकानाबाहेर जायची नाही. आपा पडवीत बसू लागली. भावकीत कुजबुज झाली. अब्बांनी ती मोटारीच्या आवाजाइतकीही मनावर घेतली नाही. म्हणायचे, "बेअरिंग का आवाज सुनना, लोगां का नई."

पुढे आपाचं लग्न इचलकरंजीला झालं. ती वही दुकानातच ठेवून गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर चढली. धोक्याची पातळी ४३ फूट. वळिवड्यापासून खाली काठावरच्या मोटारी, स्टार्टरच्या पेट्या गाळात गेल्या. पाणी ओसरल्यावर आमच्या दुकानापुढून रस्त्यापर्यंत रांग लागली. गंमत अशी की पाण्यातच राहणाऱ्या सबमर्सिबल बहुतेक वाचल्या, काठावर ऐटीत बसणाऱ्या मोनोब्लॉक गेल्या. रस्ता सुरू झाल्याबरोबर आपा आली, तिचा मुलगा बरोबर. तिने पहिलं काम केलं ते पाटीवर खडूने लिहिण्याचं: भिजलेली मोटार चालू करून बघू नका. ओल्या मोटारीला वीज दिली की ती जागेवर जळते. खोलायची, स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, उन्हात ठेवायची, आत मोठा बल्ब लावून दिवसरात्र शेकायची, मेगरचा काटा चढेपर्यंत धीर धरायचा. त्या पंधरा-वीस दिवसांत शंभरावर मोटारी नव्याने न भरता वाचल्या. भरल्या असत्या तर आमचा फायदा होता. आपाने भरू दिल्या नाहीत.

अब्बा २०२२ मध्ये गेले. अम्मी आधीच गेली होती. चाळीसावा झाल्यावर भावकीतल्या जाणत्यांनी सल्ला दिला की दुकानाच्या जागेचं हक्कसोडपत्र बहिणीकडून करून घ्या. सगळीकडे तसंच होतं, बहिणी देतात सही, माहेर तुटू नये म्हणून. कुरआनात सूरे निसामध्ये वाटे स्पष्ट आहेत. दोन भाऊ, एक बहीण, तर पाच भाग, दोन-दोन आमचे, एक तिचा. दुसऱ्याचं काही सांगताना आम्ही मजहब काढतो. इथे मात्र रिवाज आठवला. आम्ही स्टॅम्पपेपर करून आणला.

आपा आली. चहा झाला. कागद तिच्यापुढे ठेवला तेव्हा तिने पेन मागितलं. नाही म्हणाली नाही. उलट म्हणाली, "तुम्हारी दुकान है. मेरेकू बस मेरी वही दे दो." आम्ही वही आणायला आत गेलो. तेलाने काळी पडलेली, कडा वार्निशने ताठ झालेली. उघडली तर पानोपानी आपाचं अक्षर. शेवटची काही पानं अब्बांची, चौथी शिकलेल्या हाताची, आणि प्रत्येक नोंदीखाली त्यांनी लिहिलेलं: 'बेटी को पूछना'. दुकानात विकण्यासारखं एक लेथ, दोन फर्मे आणि भंगार. गिऱ्हाईक येतं ते या वहीपायी. आणि वही तिची. मग 'तुमचं दुकान' म्हणजे नेमकं काय, हे आम्हाला एकमेकांना विचारावंही लागलं नाही.

कागदावर सही झाली नाही. पाचवा भाग तिच्या नावावर लागला. मोठेपणा केला असं आम्ही म्हणणार नाही. अ‍ॅल्युमिनियमची तार आम्ही दुसऱ्यांदा भरत होतो, ती भरता भरता थांबलो, एवढंच. पहिल्यांदा शेतकऱ्याचा ऊस गेला होता.

आता दुकानाचे दिवसही बदलले. नव्या पंख्यांत बीएलडीसी मोटार असते. रोटरवर कायमचं चुंबक, ब्रशचं काम इलेक्ट्रॉनिक सर्किटकडे. जुना पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॉट खायचा, हा तीस-पस्तीस खातो. विजेच्या रिक्षा, स्कूटरही याच जातीच्या. बिघाड झाला की कॉइलपेक्षा सर्किटच जास्त जातं. ते काम आपाचा मुलगा शिकला आहे. आठवड्यातून तीन दिवस तो इचलकरंजीहून येतो आणि पडवीत आपाच्या जागेवर बसतो.

पाटीवर अजून 'अँड सन्स' आहे. पेंटरला दोनदा सांगून झालं, तिसऱ्यांदा सांगायचं आहे. वही आपाकडे आहे. परवा तीन हॉर्सपॉवरची एक जुनी मोटार आली, चोवीस गाळ्यांची, पट्टी पुसलेली आणि कॉइल आधीच कुणी तरी तोडलेली. आम्ही इचलकरंजीला फोन लावला. "आपा, जुनी मोनोब्लॉक आहे. वेढे किती?"

"गाळ्याची लांबी मोज आधी," ती म्हणाली. "मग सांगते."